उंची नियमानुसार

आमच्या घरात आतून लागणारी कडी एकच, ती बाथरूमची. बाकीच्या दारांनाही एकेकाळी कड्या होत्या, पण सहा वर्षांपूर्वी बाबांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, आमच्याकडे कायमची राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात आतल्या खोलीत अडकली. म्हणजे अडकले असं ती म्हणते. आईचं म्हणणं, कडी उघडीच होती, वन्सं दार ओढायचं सोडून ढकलत बसल्या. ते काही असो, त्याच संध्याकाळी आत्याने घरातल्या सगळ्या कड्या काढून भंगारात दिल्या. तेव्हापासून आमच्याकडे कुणीही, कधीही, कुठल्याही खोलीत येऊ शकतं. आणि येतंच.

म्हणून मी माझ्या भाषणाचा सराव बाथरूममध्ये करत होते. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा, आठ मिनिटं, विषय ‘वेळेचं महत्त्व’. बादली उलटी करून तिच्यावर कागद ठेवायचे, नळाकडे तोंड करून उभं राहायचं, आणि ‘मित्रहो, आपल्या प्रत्येकाला दिवसाचे चोवीस तास मिळतात’ एवढं म्हणून होतंय न होतंय तोच बाहेरून आत्याची थाप पडायची, की त्यातले किती तू आतच काढणार आहेस.

एका भाषणाचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. तर सांगते. नववीत असताना मी एका वर्षात पाच इंच वाढले. पाच. वर्गात माझं नाव शिडी पडलं आणि मी वाकून चालायला लागले. वर्गाच्या फोटोत मी गुडघे दुमडून उभी आहे. कुणी काही विचारलं तर मी खाली बघून उत्तर द्यायचे, म्हणजे आवाजही जमिनीवरच सांडायचा. दहावीत नव्या बाई आल्या. त्यांनी एकदा धडा वाचायला उभं केलं, आणि मी नेहमीसारखी अर्धी उभी राहिल्यावर म्हणाल्या, अजून उरलीयेस ना, मग पूर्ण उभी राहा. मी राहिले. वाचलं. शेवटच्या बाकापासून फळ्यापर्यंत माझाच आवाज. मला स्वतःलाच कळेना की एवढा मोठा आवाज इतके दिवस होता कुठे. घरी गेले ती ताठच गेले, आणि तेव्हापासून वाकायचं नाही असं ठरवलं. स्पर्धेला शाळेतून माझं नाव गेलं. एकच अडचण होती. उभं राहून, मोठ्याने, कुणी थाप न मारता आठ मिनिटं बोलता येईल अशी जागा हवी होती.

हे मी जेवताना सांगितलं. आई म्हणाली, गच्चीवर जा. आमच्या घराला गच्ची नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं. आत्या म्हणाली, मनातल्या मनात म्हण. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलीने एक चौकोन काढला.

बाबांबद्दल आधी सांगायला हवं. ते बांधकाम परवान्याच्या कार्यालयात आहेत. लोक घराचे नकाशे घेऊन येतात, बाबा ते तपासतात. बावीस वर्षं एकच टेबल. त्या टेबलावर फक्त लांबी आणि रुंदी तपासली जाते. उंची वरच्या मजल्यावर, दुसऱ्या साहेबांकडे. त्या साहेबांचं आणि बाबांचं एका पंख्यावरून वाजलं होतं, तेव्हापासून बाबा घरातसुद्धा उंचीचा विषय निघाला की ‘तो माझ्याकडे येत नाही’ म्हणतात. मी पाच इंच वाढले तेव्हाही हेच म्हणाले होते.

तर बाबांनी चौकोन काढला आणि म्हणाले, “मागच्या अंगणात. लाकडाची. आपण स्वतः बांधायची.”

आईने विचारलं, अहो, तुम्हाला खिळा तरी ठोकता येतो का. बाबा म्हणाले, बावीस वर्षांत मी किती घरं पाहिली असतील. खरंच पाहिली होती. सगळी वरून. कागदावर.

आठ फूट बाय सहा फूट. अठ्ठेचाळीस चौरस फूट. पन्नासच्या आत परवाना लागत नाही, त्यामुळे आठ बाय सहा. मी म्हटलं, साडेआठ करा ना, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी चोरायला सांगितलंय. पुढचे चार दिवस ते ऑफिसातून आले की नकाशा काढत बसायचे. इतका सुंदर नकाशा मी आजवर पाहिला नाही. प्रत्येक फळीला नंबर. प्रत्येक स्क्रूची जागा ठिपक्याने. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. आणि उजव्या बाजूला, त्यांच्या त्या देखण्या अक्षरात, ‘उंची : नियमानुसार’.

हे त्यांच्या ऑफिसात नेहमीचंच. खालच्या टेबलाने ‘उंची नियमानुसार’ लिहायचं, वरच्या टेबलाने ती किती ते बघायचं. आमच्या घराला मात्र वरचं टेबल नव्हतं.

नकाशाची प्रत लाकडाच्या वखारीत गेली. वखारवाल्याकडे नऊ फुटी वासे होते. त्याने नकाशा उलटापालटा केला, उंची सापडली नाही, आणि एका वाशाचे दोन सारखे तुकडे केले. साडेचार, साडेचार. वाया काही गेलं नाही पाहिजे, हा त्याचा धर्म. भिंतींच्या फळ्याही त्याच मापाच्या कापल्या. शनिवारी टेंपो भरून माल आला, बाबांनी नग मोजले, सगळे बरोबर निघाले आणि त्यांनी पावतीवर सही केली.

रविवारी काम सुरू झालं. मला घाई फार, त्यामुळे करवत मीच धरली, आणि सांगते, करवत धरण्याइतकं मजेचं काम मी आयुष्यात केलेलं नाही. पहिल्या दिवशी माझी रेघ सापासारखी जायची, तिसऱ्या रविवारी ती शाळेत आखल्यासारखी सरळ जायला लागली. आईने स्क्रू धरायचे, आत्याने खुर्ची टाकून चुका काढायच्या, बाबांनी नकाशा वाचायचा. ‘अकरा नंबर’ म्हटलं की मी अकरा नंबर उचलून द्यायचे. बाबांचा लाकडावर विश्वास नव्हता, त्यामुळे जिथे चार स्क्रू पुरले असते तिथे ते अकरा मारायचे. आधी जमीन झाली, विटांवर. मग चारही भिंती अंगणात आडव्या टाकून जोडल्या. आडव्या भिंतीची उंची कोण बघतंय. मला एकदा वाटलं की हे खांब जरा बुटके दिसतात, आणि मी तसं म्हटलंही. बाबा म्हणाले, छप्पर यायचंय अजून.

कुंपणाच्या पलीकडे मिस्त्री राहतात. सुतार आहेत, शाळेचे बाक आणि लोकांची दारं करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. दर रविवारी ते कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून आमचं काम बघायचे, चहाचा कप भिंतीवर ठेवून. एक शब्द नाही. आत्याला वाटलं, ते बाबांचं काम बघून थक्क झालेत.

चौथ्या रविवारी भिंती उभ्या केल्या. आम्ही तिघांनी पहिली भिंत उचलली, खांबाला लावली, आणि ती माझ्या खांद्याशी येऊन थांबली.

आईने भिंतीवरून पलीकडे बघितलं, म्हणजे तिलाही भिंतीवरून पलीकडे बघता येत होतं, आणि ती जेमतेम पाच फूट आहे. आत्या खुर्चीतून उठून आली, भिंतीला हात लावला आणि म्हणाली, ही कोंबड्यांची आहे का.

बाबा आत गेले. आम्हाला वाटलं ते वखारीला फोन करतील. ते नियमांचं पुस्तक घेऊन बसले. दोन तासांनी बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. पन्नास चौरस फुटांच्या आतल्या बांधकामाला किमान उंची दिलेलीच नाही, म्हणाले. म्हणजे ही उंची नियमानुसारच आहे.

पुढे काय झालं ते मला आजही पटत नाही, पण झालं. आम्ही काम चालू ठेवलं. बाबांनी इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की काही दिवस मलाही वाटायला लागलं की घर नीटच आहे आणि जास्त मीच आहे. छप्पर चढलं, त्यावर डांबरी कागद बसला. एका टोकाच्या भिंतीत लहानशी काचेची खिडकी, आणि त्याच टोकाजवळ लांबीच्या भिंतीत दार, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच. बाबांनी ‘काम पूर्ण’ असा दाखला टाईप करून आणला, स्वतःच सही केली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराशेजारी चिकटवला.

मग लोक बघायला आले. आमच्या शहराची एक गंमत आहे, कुठेही काही बांधलं की लोक येऊन कौतुक करतात, राहायचं दुसऱ्याला असतं ना. बाबांच्या ऑफिसातले तिघं आले. तिघंही वाकून आत गेले, वाकून बाहेर आले, आणि कंबर धरून म्हणाले, छान उबदार झालीय. एक जण म्हणाले, वाकून आत गेलं की माणसाला नम्रता येते. दुसरे म्हणाले, बसल्यावर उंची कशाला लागते. मी म्हटलं, काका, मला उभं राहायचंय. त्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, खालपासून वरपर्यंत, आणि बाबांना म्हणाले, मुलगी बरीच झालीय हो तुमची. जशी काही तीही परवान्याशिवाय.

ते गेल्यावर आत्या म्हणाली, “जरा वाकलीस तर झिजणार आहेस का? वर्षभर वाकूनच होतीस ना, तेव्हा काही दुखलं नाही.”

दुखलं होतं. पण ते तिला कसं सांगायचं ते मला कळेना. मी आत जाऊन सराव करून पाहिला. मान वाकडी करून, गुडघे दुमडून, ‘मित्रहो’. फोटोतली मीच बोलत होते. आवाज पुन्हा जमिनीवर सांडायला लागला. ‘चोवीस तास’ म्हणेपर्यंत पायाला मुंग्या आल्या, आणि मी तिथेच बसून रडले. बाहेर आले तेव्हा छपराला घासून केसांत भुसा अडकला होता, आणि स्पर्धेला एकोणीस दिवस उरले होते.

त्या दुपारी मी सरळ कुंपणाशी गेले. मिस्त्री होतेच.

“तुम्हाला दिसलं होतं ना?”

“काय?”

“खांब बुटके आहेत ते.”

“टेंपोतून उतरतानाच दिसलं.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी चहाचा घोट घेतला. “साहेबांनी विचारलं नाही. साहेब माणसाला न विचारता सांगितलं की अपमान होतो, आणि मग आपल्याकडे नकाशा आला की तो वर्षभर पडून राहतो. माझी पडवी आठवतेय का?”

मला आठवत होती. मिस्त्रींनी पुढे पडवी काढायला अर्ज केला होता आणि बाबांनी तो चार इंचांसाठी तीन वेळा परत पाठवला होता. शेजारी असूनही. बाबा हे अभिमानाने सांगतात.

मी म्हटलं, बरं, आता मी विचारते. काय करता येईल?

विचारल्याबरोबर मिस्त्री असे बोलायला लागले की थांबेचनात. खांबांना जोड देता येईल, पण त्याला लाकूड हवं, सगळ्या भिंतींना वर फळ्या लागतील. वखारीत त्यांनी स्वतः चौकशी केली होती, ते लाकूड संपलंय, पुढचा माल दोन महिन्यांनी. म्हणजे चौकशीसुद्धा करून ठेवली होती, फक्त कुणी विचारायची वाट बघत होते. मी घराकडे बघत राहिले. लांब, बसकं, आडवं. आठ फूट लांब. मी पाच फूट सात इंच आणि समोर आठ फूट, पण आडवे पडलेले.

मी म्हटलं, “मिस्त्री, हे उभं केलं तर?”

“कशावर?”

“टोकावर. खोकं उभं करतो तसं.”

मिस्त्रींनी कप भिंतीवर ठेवला. मग कुंपण ओलांडून आले. फाटकातून नाही, भिंतीवरूनच, या वयात. घराभोवती एक फेरी मारली, प्रत्येक कोपऱ्यावर बुक्की मारून बघितली, स्क्रू मोजले, आणि हसायलाच लागले. म्हणाले, दुसऱ्या कुणाचं असतं तर पहिल्या झटक्याला फाकलं असतं. तुझ्या वडलांनी एकेका सांध्यात अकरा स्क्रू मारलेत. हे घर लोळवलंस तरी काही होणार नाही याला.

मग आम्ही दोघांनी विटेच्या तुकड्याने फरशीवर काढून बघितलं. खिडकी नसलेल्या टोकावर उभं करायचं. म्हणजे ते टोक जमीन होणार, खिडकीचं टोक छप्पर, आणि खिडकी थेट डोक्यावर येणार. आत्ताचं छप्पर मागची भिंत होईल. आत्ताची जमीन पुढची भिंत. जुनं दार वर जाऊन आडवं पडेल, त्याला काच लावली की उजेड. आणि नवं दार? मिस्त्री म्हणाले, जमिनीतूनच कापायचं, कापलेला तुकडा बिजागरीवर लावला की तेच दार, खालची आडवी लाकडं त्याला मागून आधाराला आहेतच. एक फळी जास्त लागणार नाही.

राहिले फक्त बाबा. आणि तो दाखला. काम पूर्ण झालेल्या इमारतीत फेरफार करायचा नाही, हे बाबांनी हजार लोकांना सांगितलेलं आहे, काही लोक रडलेलेसुद्धा आहेत.

मी आधी आईला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या वडलांना बोलून काही कळत नाही, लिहून दे. तेव्हा मी अर्ज लिहिला. रीतसर, डाव्या बाजूला समास सोडून. ‘मा. बाबा यांस, विषय : बांधकामाची दिशा बदलण्याबाबत.’ त्यात लिहिलं की बांधकामात एकही फळी वाढवली किंवा कमी केली जाणार नाही, फक्त बाजू बदलेल, आणि जमिनीचं क्षेत्रफळ अठ्ठेचाळीसवरून सत्तावीस चौरस फूट होऊन नियमाचं पालन आणखी जास्त होईल. सोबत नकाशा जोडला. आईने तो त्यांच्या जेवणाच्या डब्याखाली ठेवला, कारण तिथलं ते नक्की बघतात.

दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला, लाल शाईत तीन शेऱ्यांसह. उत्तर दिशा दाखवलेली नाही. अर्जदाराने वय लिहिलेलं नाही. तिसरा शेरा होता, ‘सध्याच्या बांधकामात त्रुटी काय, ते स्पष्ट करावे.’

हे मला लिहून सांगता येईना. मी शोधलं तर बाबा त्या घरातच बसले होते, ऑफिसच्या शर्टात, स्टुलावर, हातात पेपर. आत बसायला त्यांना खरंच आवडायचं. मी दाराशी वाकून म्हटलं, बाबा, उभे राहा ना.

“कशाला?”

“राहा ना एकदा.”

ते उठले. म्हणजे जेवढं उठता येतं तेवढं. पाठ छपराला लागली, मान खाली गेली आणि ते माझ्या पायांकडे बघत राहिले.

“झालं?”

“सरळ राहा.”

“अगं, सरळ कसा राहणार.”

“मग आता बोला काहीतरी. मोठ्याने. असंच.”

बाबांनी घसा खाकरला, तो आवाजही जमिनीवरच सांडला. तसेच वाकून उभे राहिले. मग म्हणाले, “बसून बोलता येईल की.”

“बाबा, मी वर्षभर अशीच चालत होते. तुम्हाला दिसलं नसेल. उंची तुमच्याकडे येत नाही.”

हे मी टोमणा म्हणून म्हटलं होतं, पण तोंडातून बाहेर पडलं तेव्हा तसं वाटलं नाही. बाबांनी हात वर करून छपराची फळी चाचपली, तिच्यावर त्यांचाच पेन्सिलीचा नंबर होता, एकोणचाळीस. मग स्टूल बाहेर काढलं आणि स्वतः बाहेर आले. कंबर सरळ करायला त्यांना थोडा वेळ लागला.

“हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?”

“मिस्त्रींना विचारलं होतंत?”

त्यांनी कुंपणाकडे बघितलं. मिस्त्री लगेच दुसरीकडे बघायला लागले, जणू काही त्यांना झाडं मोजायची होती. बाबा कुंपणाशी गेले. काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही, पडवी हा शब्द दोनदा आला, चार इंच एकदा. परत आले ते खिशातून पेन काढत. माझ्या अर्जावर, तिसऱ्या शेऱ्याखाली, त्यांनी लिहिलं : ‘त्रुटी प्रत्यक्ष पाहिली. हरकत नाही.’ आणि सही. तारीखसुद्धा. मग दाराशेजारचा दाखला स्वतःच्या हाताने काढला आणि घडी करून खिशात ठेवला, फाडला नाही. कागद फाडणं त्यांच्याने होत नाही.

रविवारी घर उठवलं. मिस्त्रींनी सांगितलं होतं की यात जोर कमी आणि धीर जास्त लागतो, आणि हे ऐकून आमच्या घरातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे काळजीने बघितलं. खिडकीच्या टोकाखाली पहार घालायची, बोटभर उचलायचं, आईने वीट सरकवायची. पुन्हा पहार, पुन्हा वीट. पहारेवर मी आणि मिस्त्री. बाबा नकाशा घेऊन बाजूला उभे होते, पण नकाशात वीट कुठे सरकवायची ते नव्हतं, म्हणून थोड्या वेळाने त्यांनी तो आत्याच्या मांडीवर ठेवला आणि खांदा लावला. आत्याने बसल्या जागी सूचना दिल्या. डावीकडे. डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे. अरे, हळू, ती पोरीची खोली आहे, कपाट नाही. पोरीची खोली असं तिने म्हटल्याचं फक्त माझ्या लक्षात आलं.

टोक कमरेच्या वर गेल्यावर दोर बांधला. तीन जणांनी पलीकडून ओढायचं, दोघांनी अलीकडून ढकलायचं, आणि ओढायला तिसरं माणूस कमी पडलं तेव्हा आत्या नकाशा खुर्चीवर टाकून उठली. घर एक क्षण मध्येच अडकलं, ना इकडे ना तिकडे, आणि आतून करकर ऐकू आली. मिस्त्री म्हणाले, थांबू नका. आम्ही थांबलो नाही. मग ते एकदम हलकं झालं आणि धप्पकन टोकावर बसलं. धूळ उडाली. एकही सांधा उघडला नव्हता. बाबा चारही बाजूंनी फिरून बघत होते आणि ‘अकरा’ एवढंच पुटपुटत होते.

वर मान करून बघावं लागलं. आपल्या अंगणातल्या एखाद्या वस्तूकडे वर मान करून बघायची मला सवयच नव्हती.

दार मीच कापलं. मिस्त्रींनी काटकोनाचा गुण्या लावून रेघ मारून दिली, सहा फूट उंच, आणि बाजूला झाले. पहिल्यांदा लाकडाला सवय होईपर्यंत करवत अडखळली, मग लागली. दुपारी दार बिजागरीवर लटकत होतं, संध्याकाळी वरच्या आडव्या भोकाला काच बसली, आणि मिस्त्रींनी पितळेची जुनी कडी आणून दिली, त्यांच्या कुठल्या तरी दाराची उरलेली. आतल्या बाजूला. आत्या बघत होती. मी स्क्रू पिळत होते आणि ती काही बोलते का याची वाट बघत होते. ती म्हणाली, नीट बसव, वरचा स्क्रू वाकडा जातोय.

आता माप घ्यायचं होतं. बाबांनी टेप काढली. बावीस वर्षं आडवी धरलेली टेप उभी धरायला गेले तर ती मध्येच मोडून खाली यायला लागली. एकदा, दोनदा. शेवटी मी आत गेले, स्टुलावर चढून टोक छपराला टेकवलं आणि बाबा खाली उकिडवे बसले.

“किती?”

“सात दहा,” बाबा म्हणाले. मग पुन्हा बघितलं. “सात फूट दहा इंच.” नकाशावर ‘उंची : नियमानुसार’ खोडलं, वर आकडा लिहिला, आणि तो किती बरोबर दिसतोय ते जरा लांब धरून बघितलं. म्हणाले, तू उभी राहा बरं. मी स्टुलावरून उतरून उभीच होते. ते म्हणाले, नाही, बघू दे. मग मला बघितलं, छपराकडे बघितलं, मधल्या जागेकडे बघितलं, आणि बाहेर निघून गेले.

मी दार लावलं. कडी घातली. तिला जरा जोर लागत होता.

आत सहा फूट बाय साडेचार फूट, एक स्टूल, माझे कागद, लाकडाचा वास. छपराच्या चौकटीतून आभाळाचा एक तुकडा दिसत होता आणि तो अजून उजळ होता. आठ दिवस उरले होते. मी ताठ उभी राहिले, हात वर केला, बोटं कुठेच लागली नाहीत. मग म्हटलं, “मित्रहो.”

बाहेरून आत्याचा आवाज आला, की काही ऐकू येत नाही.

“ऐकू येऊ नये म्हणूनच बांधलंय, अक्का,” बाबा म्हणाले. “चल, आत चल.”

कुणी आत गेलं नाही. फळ्यांच्या पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला, आई कुणाला तरी गप्प करत होती, मिस्त्रींचा कप कशावर तरी टेकला. मी कागद हातात घेतले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि आवाज जरा चढवला.